पाइपामागे

"हात पुढे करा. बोटं पसरा," व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, आणि भावाच्या दोन्ही हातांवर त्यांनी एक कोरा कागद आडवा ठेवला. हात थरथरत असला, तर माणूस कितीही शहाण्यासारखा बसला तरी कागद चुगली करतो.

कागद हलला नाही.

"बघा," बहीण म्हणाली. "महिन्यापूर्वी ह्याला कप धरता येत नव्हता. दुकानांच्या पाट्या रंगवतो हा. सरळ रेघ मारायची तर दुसऱ्याला बोलवावं लागायचं."

मॅडमनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. त्यांना काही फारसा आनंद झालेला दिसला नाही.

आलेल्यांपैकी कोणाला वॉर्डात भरती करायचं, कोणाला दिवसाच्या विभागात घ्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे त्या टेबलावर ठरत असे. दिवसाच्या विभागात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उपचार, रात्री आपलं घर. तिथे एकच जागा उरली होती. बहिणीला ती हवी होती. एकोणीस दिवस कामावरून रजा घेऊन, दाराला आतून कुलूप लावून, डोळ्यांत तेल घालून तिने भावाला राखलं होतं. आज रजा संपत होती, आणि उद्या नाही आलात तर परवाही येऊ नका, असं साहेबांनी फोनवर सांगितलं होतं.

"शेवटची कधी घेतली?"

"एकोणीस दिवस झाले. एक थेंबही नाही," बहिणीनेच सांगितलं, पोर वर्गात पहिलं आल्यासारखं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नीट आठवा. मधे कधी? थोडीशी? होतं असं. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"नाही मॅडम. रात्री दाराला गादी लावून झोपते मी."

"मी पुन्हा विचारते. पंधरा दिवसांत एकदाही नाही?"

आता मात्र बहिणीला राग आला. "अकरा वर्षं ह्याच्यापायी खोटं बोलले. ह्याच्या गिऱ्हाइकांशी, ह्याच्या बायकोशी. आता नाही बोलायचं, असं ठरवलंय मी."

मग मॅडमना स्पष्ट बोलणं भाग पडलं. पंधरा दिवसांच्या आत घेतलेली असेल तरच दिवसाच्या विभागात जागा मिळते. त्यापुढचा माणूस नियमाप्रमाणे बरा. त्याने आठवड्यातून एकदा तासाभराच्या बैठकीला यायचं.

"आणि बाकीचे सहा दिवस?"

मॅडमनी फॉर्म उलटून बघितला. त्यात हा प्रश्न नव्हता.

"म्हणजे मी ह्याला सांभाळलं, हेच चुकलं का?"

"ताई, गप्प बस," भाऊ म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "परवा घेतली मी, मॅडम."

बहीण खुर्चीतच त्याच्याकडे वळली.

"ही अंघोळीला गेली होती तेव्हा. सिंकखालच्या पाइपामागे एक क्वार्टर होती. जुनीच. फडक्यात गुंडाळलेली. अर्धी प्यालो आणि परत ठेवली."

मॅडमनी भराभर लिहून घेतलं. त्याने शब्द फिरवण्याआधी शिक्का मारून टाकावा, अशी घाई होती ती. परवाची दारू तपासणीत दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यालाही माहीत असावं.

"आजपासूनच या," त्या म्हणाल्या. "बाहेर बसा. नाव पुकारतील."

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता. दोघं बसली. हवी होती ती जागा मिळाली होती, नोकरी वाचली होती. तरी बहिणीने त्याची बाही धरली.

"खोटं बोललास ना?"

"अगं, जागा हवी होती ना तुला? खोटंच. आईशप्पथ."

ही शपथ तिने अकरा वर्षं ऐकली होती. आवाज असाच असायचा, नजरही अशीच सरळ. ती त्याच्या तोंडाजवळ वाकली. टूथपेस्टचा वास आला. परवाचा वास आज कुठून येणार?

"मग ते पाइपामागचं कसं सुचलं?"

"सुचलं."

"फडकंसुद्धा?"

तेवढ्यात नाव पुकारलं. भाऊ उठला, दारापाशी वळला आणि हात वर करून हसला. लहानपणी शाळेच्या फाटकातून हसायचा तसाच. मग दार बंद झालं.

एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच ती एकटी होती. घर वीस मिनिटांवर. सकाळी त्याच सिंकमध्ये तिने दोघांचे कप विसळले होते. खाली वाकायचं, पाइपामागे हात घालायचा, की कळलं असतं.

दुपारी सफाईवाली आली. तिने बाकाखालून फडकं फिरवलं आणि म्हणाली, "तुम्ही जा हो घरी. पाचशिवाय नाही सोडत इथे कोणाला."

"माहीत आहे," बहीण म्हणाली, आणि तिला पुसता यावं म्हणून पाय वर घेऊन तिथेच बसून राहिली.