दारावरचा रविवार

उपासना सुरू व्हायला थोडा अवकाश होता. वेंडेल चर्चच्या काचेच्या दाराशी उभा होता. कंबरेला उजवीकडे पिस्तूल, कोटाच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असं. येणारा प्रत्येक जण त्याला मिठी मारत होता आणि प्रत्येक जण डाव्या बाजूनेच येत होता. असं करा म्हणून कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

त्याची बायको ओपल जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी आली. पहाऱ्यासाठी तो लवकर येई, ती मागून आपल्या गाडीने. उपासनेनंतरच्या सगळ्यांच्या जेवणासाठी आणलेलं घेवड्याच्या भाजीचं भांडं तिने त्याच्या हातात दिलं. देतादेताच सांगितलं, की पुढच्या रविवारपासून ती कोर्टाजवळच्या विटांच्या चर्चमध्ये जाणार आहे. त्या दारावर पाटी आहे, आत बंदूक आणायची नाही अशी. तिथल्या गायकमंडळाने तिला झगाही देऊन ठेवलाय. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं, तसं तिने हे सांगितलं.

वेंडेलने भांडं डाव्या हातात धरलं होतं. उजवा हात तो मोकळा ठेवत असे.

"इथला माझा हा शेवटचा रविवार," ओपल म्हणाली. "आज तरी शेजारी बस. ते काढून ठेव आणि ये."

"मग दारावर कोण?"

"हार्लन आहे ना बाहेर."

"तुझी पाठ दाराकडे असते, ओपल. मी तिथं बसलो तर तुझ्या मागे कोण आलं ते मला कसं कळणार?"

"माझ्या मागे कोण येतं ते मी कधी विचारलंय तुला? शेजारी कोणी नसतं, तेवढं दिसतं मला."

भांडं परत घेऊन ती आत गेली.

गाड्यांजवळ पहारा करणाऱ्या हार्लनने कॉफी पितापिता सगळं ऐकलं होतं. कंबरेला एवढं धूड लटकवूनही बायकोपुढे तुझी बोबडी वळते होय रे, असं तो म्हणाला. मग हसणं थांबवून म्हणाला, की जायचं असेल तर खुशाल जा, आतलं आणि बाहेरचं दोन्ही मी बघतो, दार काही कुठं पळून जात नाही. वेंडेलने मान डोलावली आणि जागेवरच उभा राहिला.

दुसऱ्या कुठल्याशा गावी चर्चमध्ये गोळीबार झाला, त्यानंतर दारावर बंदूकधारी पहारा ठेवायचा का, यावर इथे हात वर करून मतं घेतली होती. वेंडेलने हात वर केला होता. शेजारी बसलेल्या ओपलने केला नव्हता. ते दोघं एका बाकावर बसले, ती शेवटची वेळ.

गाणं सुरू झालं. वेंडेल फक्त ओठ हलवत होता. पूर्वी तो खर्जात गायचा, आणि बरा गायचा. पण स्वतःचा आवाज कानात भरला की बाहेरच्या खडीवर चाक वाजलेलं ऐकू येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. एवढ्या आवाजांतही ओपलचा आवाज त्याला वेगळा काढता येत होता. पुढच्या रविवारी तो आवाज इथे नसेल. तेव्हा काय ऐकू येईल, याचा त्याने अंदाज घेऊन पाहिला.

मग पास्टरने माना झुकवायला आणि डोळे मिटायला सांगितलं. दारावरच्या माणसाने डोळे मिटायचे नसतात. त्यामुळे दुसऱ्या कोणाला दिसत नाही ते वेंडेलला दिसत असे: भावाला जीभ दाखवणारी पोर, मांडीवरच्या फोनमध्ये फुटबॉलचा स्कोअर बघणारे चर्चचे एक कारभारी, गुपचूप डोळे पुसणारा एखादा बाप्या. आज त्याला दिसलं, की झुकलेल्या डोक्यांमधून एक डोकं मागे वळलं आहे.

ओपल त्याच्याकडे बघत होती.

बराच वेळ बघत होती. मग तिने शेजारच्या जागेवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

पास्टर कपाशीसाठी पाऊस मागत होते. आजाऱ्यांची नावं अजून घ्यायची होती, वेळ होता. पिस्तूल ठेवायला बाजूच्या खोलीत कुलपाचं कपाट होतं आणि किल्ली वेंडेलच्या खिशात होती. त्याने पट्ट्याला हात घातला. बक्कल सुटलं. कंबर हलकी झाल्यासारखी वाटली. ओपल अजून बघत होती.

बाहेर खडीवर चाकं वाजली.

बाहेर हार्लन होता. गाडी त्याने बघितलीच असणार. तरीही वेंडेल वळला, त्याचा हात बक्कल सोडून पिस्तुलाच्या मुठीवर गेला. गाडी मिस लोरीनची होती. ती दर रविवारी उशिराच यायची आणि तिची ती निळी गाडी गावात कुत्रीसुद्धा ओळखायची. तिने गाडीतून आधी काठी काढली, मग ॲपल पायची थाळी, मग स्वतः उतरली. हार्लनने तिला पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं. वेंडेलने पट्टा पुन्हा आवळला आणि दार उघडून धरलं. तिने डाव्या बाजूने त्याला मिठी मारली, थाळी त्याच्याकडे दिली आणि तुझ्यामुळे किती निर्धास्त वाटतं म्हणून पुटपुटली.

आत सगळे "आमेन" म्हणाले. डोकी वर झाली. ओपल आता समोर बघत होती.

मिस लोरीन काठी टेकत मधल्या वाटेने पुढे गेली. ओपलच्या बाकाशी थांबली, वाकली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट करून, इथे कोणी बसणार आहे का, असं काहीतरी विचारलं.

ओपलने मान हलवली, नाही म्हणून. मग गुडघे एका बाजूला घेऊन तिने मिस लोरीनला आत जायला वाट दिली.