रेवाला न्यायला

"रेवा, ही बघ, तुझी आई आली," मृण्मयीची नणंद म्हणाली. तीन वर्षांची रेवा नणंदेच्याच पदरामागे लपली.

मृण्मयीने पुढे केलेले हात तसेच राहिले. ह्यूस्टनहून सांगलीला येऊन तिनेच रेवाला नणंदेच्या ओटीत घातलं होतं, तेव्हा रेवा जेमतेम चालायला लागली होती. तिकडे बातम्यांत रोज अर्थव्यवस्था तेजीत होती, पण पाळणाघराचा खर्च घरभाड्याच्याही वर गेला होता. दोघांच्या पगारात भागेना. "जरा सावरलो की लगेच नेऊ," नवरा म्हणाला होता. भाडं चढतच गेलं. आता कुठे जमलं होतं.

आठवडाभर मृण्मयीने परोपरीने प्रयत्न केला. रेवा तिच्या हातचं जेवेना, तिच्याजवळ झोपेना. निघायच्या आदल्या दिवशी भरलेली बॅग पाहून ती नणंदेच्या गळ्यात पडून इतकी रडली, की तिला उलटी झाली.

"मला विमानात नाही जायचं! मला माझ्या आईजवळच राहायचंय!"

नणंद डोळे टिपत म्हणाली, "लहान आहे गं. मला विसरेल चार दिवसांत."

"एकदा विसरलीय ती आईला, वन्सं. पुन्हा नको." मृण्मयीने बॅगेतले रेवाचे कपडे काढून कपाटात ठेवले. "तू इथेच राहा, बाळा. मी एकटीच जाते."

"खरंच?" रेवाने डोळे पुसले. मग धावत येऊन तिने पहिल्यांदाच मृण्मयीला घट्ट मिठी मारली.