उशाशी ठेवलेला रिमोट

"आणखी एकदा," फिजिओबाई म्हणाल्या.

बायकोनं रिमोटचं बटण दाबलं. नवऱ्याच्या पाठीत, कण्यालगत बसवलेलं यंत्र सुरू झालं. त्यानं दात आवळले, मानेच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला. पाय मात्र जागचा हलला नाही.

"यंत्र फक्त नसांना जागं करतं," बाईंनी नेहमीचं सांगितलं. "उचलायचा तुम्हालाच. मनापासून."

"मनापासूनच करतोय," तो म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तो इमारती रंगवायचा. परांचीवरून पडला त्याच सकाळी तिनं त्याला सांगितलं होतं, की आता पुरे, मी जाते. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. कुठे गेलीस, कोणाशी बोललीस, उशीर का झाला, याची उत्तरं देऊन देऊन ती विटली होती. मैत्रिणीनं दुसऱ्या गावी शिवणाचं दुकान काढलं होतं, वर राहायला खोली होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली. दुपारी दवाखान्यातून फोन आला आणि बॅग माळ्यावर गेली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला टाकून जाणं तिच्यानं होईना. पायावर उभे राहिलात की मी जाणार, हे तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि त्यासाठी कंबर कसली. यंत्र बसवण्यासाठी डॉक्टरांचा पिच्छा तिनंच पुरवला. रोज पाय चोळले. पोटऱ्या वाळल्या नाहीत, उलट भरल्यात, हा तुमच्या हाताचा गुण, असं फिजिओबाई म्हणायच्या. तेवढ्यावर ती आठवडा काढायची.

या सगळ्यात तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. दुधाखालचा गॅस तसाच राहायचा, लावलेली म्हणून आठवणारी खिडकी संध्याकाळी उघडी सापडायची, किल्ल्या फ्रिजमध्ये निघायच्या. एक दिवस नवऱ्यालाच फ्रिजमध्ये ठेवशील, असं शेजारीण म्हणायची आणि दोघी हसायच्या.

"तू जा," तो अधूनमधून म्हणायचा. "माझं काय, पडून राहीन." तो असं म्हणाला की तिला जाणं आणखी अवघड व्हायचं.

आज फिजिओबाईंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं, की इतके महिने झाले, बोटसुद्धा हललं नाही. यंत्र असू दे, पण मी येऊन आता उपयोग नाही. तुम्हीही आशा लावून बसू नका.

त्या गेल्यावर ती ओट्याशी उभी राहून रडली. मग तोंड धुऊन तिनं मैत्रिणीला फोन लावला.

"खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाक," ती म्हणाली. "माझी वाट बघू नकोस. कधीच."

मैत्रिणीनं समजावून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आत तो डोळे मिटून पडला होता. सगळं ऐकलं असणार. तिला त्याची कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त. कामाची वेळ होत आली होती. तिनं खिडकी लावली, पाण्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवली. रिमोटही सवयीनं उशाशी ठेवला, एकटा असताना प्रयत्न करावासा वाटला तर असावा म्हणून.

"येते," ती म्हणाली.

"सांभाळून जा," तो म्हणाला. "उशीर करू नकोस."

दार लागलं. तिच्या चपलांचा आवाज जिना उतरत गेला. तो पुरता थांबल्यावर त्यानं रिमोट उचलून बटण दाबलं, पाय पलंगाखाली सोडले, आणि भिंतीला हात टेकत खिडकीशी जाऊन, ती उघडून, कोपऱ्यावर वळेपर्यंत तिच्याकडे बघत उभा राहिला.