टाळ्यांचा नियम

चित्राला गटप्रमुख निवडलं आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. आनंद सरांचा तसा नियमच होता. पुढे येऊन कुणी धड बोललं काय की अडखळलं काय, टाळ्या वाजवायच्याच. त्याने धीर येतो म्हणे.

विठ्ठलवाडीतल्या टायपिंग क्लासची खोली रविवारी रिकामी असायची. टाइपरायटर झाकून ठेवून सर तिथे बारावीच्या मुलांना नेतृत्व शिकवत आणि नोकरीच्या मुलाखतीची तयारीही करून घेत. हात खिशात नकोत, नजर समोरच्याच्या डोळ्यांत, आवाज खणखणीत. पुढच्या रविवारी डोंबिवलीच्या एका कंपनीचे साहेब येणार होते. वर्गातल्या दोघातिघांना ते नोकरीला घेणार होते आणि सगळ्यांच्या वतीने गटप्रमुखाने बोलायचं होतं.

टाळ्या थांबल्या तशी दारात उभी असलेली चित्राची आई आत आली.

"सर, हिचं नाव काढा."

"अहो गंगुबाई, पोरगी हुशार आहे. लीडरशिपचे गुण आहेत तिच्यात."

"हिच्या बापातपण होते." गंगुबाईचा आवाज चढला. "असंच सगळ्यांनी पुढं केलं त्यांना, टाळ्या वाजवून. कंपनीच्या गेटवर पगारासाठी सायबाच्या डोळ्यात डोळे घालून बोलले. सगळ्यांचा पगार वाढला नि हे घरी बसले. आता नाव ऐकलं की कुठलीच कंपनी आत घेत नाय."

"ते पुढारीपण वेगळं. हे वेगळं."

"काय वेगळं?"

सरांनी मागे फळ्याकडे पाहिलं. खरंच, काय वेगळं? तिथे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'अन्यायाविरुद्ध बोलतो तो नेता.' आणि त्याच्याच खाली : 'साहेबांच्या मनातलं ओळखतो तो नोकरीत टिकतो.' सकाळपासून दोन्ही वाक्यं गुण्यागोविंदाने नांदत होती. मुलांनी मुकाट्याने उतरवूनही घेतली होती.

सर चित्राकडे वळले. "चित्रा, तूच सांग बाई," ते म्हणाले आणि आपण सुटलो असं त्यांना घटकाभर वाटलं.

चित्रा पुढे आली. ताठ उभी राहिली. आधी तिने आईकडे पाहिलं, मग थेट सरांच्या डोळ्यांत.

"सर, माझं नाव काढा. मी मागच्या बाकावर बसते. मला नोकरी पाहिजे."

आवाज जराही कापला नाही.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग कुणाला तरी नियम आठवला. एक टाळी वाजली, पाठोपाठ सगळ्यांच्या. त्या आवाजाने गंगुबाई दचकली आणि तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं.

इतकं ठाम त्या वर्गात आजवर कुणी बोललं नव्हतं. सवयीने सरांचेही हात वर आले. पण टाळी वाजवावी की नाही, हेच त्यांना कळेना.