एल्युतेरियोचा गोबरा

परक्या लायनफिशने आमच्या बेलीझच्या प्रवाळातली पिल्लं फस्त करायला घेतली, तेव्हा एल्युतेरियो म्हणाला, “आपल्याच माशांना याची चटक लावू.” मग मारलेला लायनफिश भाल्याच्या टोकावर धरून तो एका गोबऱ्याला भरवू लागला. मासा कसला, दाराएवढं धूड! जेवून ढेकर द्यायचं. मी स्वतः पाण्याखाली ऐकलाय. एल्युतेरियो त्याला ‘पोरगा’ म्हणायचा.

काल निकासियो या तरुण कोळ्याने ते धूड धक्क्यावर आणून आपटलं.

“काका, इतका येडा मासा जन्मात बघितला नाही. पाठलागसुद्धा करावा लागला नाही. मी भाला रोखला, तर हा आपणहून तोंड उघडून पुढे आला.”

एल्युतेरियो माशाशेजारी खाली बसला.

“भूक लागली असेल रे त्याला,” एवढंच म्हणाला.