वेली कोणी लावल्या?
लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरात चाळीस वर्षे मद्यास प्रवेश नव्हता. तरीही माझी नात ईशिता हिने निवडलेल्या फ्रेंच मुलाच्या आईने बोर्दोजवळच्या आपल्या द्राक्षमळ्यातील लाल वाइनची बाटली माझ्या ताटासमोर ठेवली. माझ्या होकाराशिवाय लग्न करणार नाही, असे ईशिताने सांगितले होते. आता तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलेना. "आई, ती गॅरेजमध्ये ठेवतो," माझा मोहन पुटपुटला. "बस खाली," मी म्हणाले. पाहुणीच्या बोटांवर छाटणीच्या कात्रीचे घट्टे होते. "ईशिता, यांच्या मळ्यात वेली कोणी लावल्या?" "त्यांच्या सासूबाईंनी, आजी. आता सगळं प्रूनिंग त्या स्वतः करतात." मी बाटली दोन्ही हातांनी उचलली. "मोहन, कपाटातले चांदीचे पेले काढ." "आई, वाइनला काचेचे ग्लास लागतात." "ते तू घे. या घरात विहिणीला काचेतून देत नाहीत."