दहापैकी तीन

कमरेला पट्ट्याने बांधलेली डबी सांभाळत जोतिबा दवाखान्यातल्या बाकावरून उठला, तो कशालाही न धरता. बनुबाईने सवयीने हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला. नवरा आपला आपण उठतो, याची तिला सात दिवसांत अजून सवय झाली नव्हती. आणि ती व्हावी म्हणून तिने आज उंब्रज ते मिरज वाटेतल्या एकाही देवाला मोकळं सोडलं नव्हतं.

पाठीच्या कण्याजवळ सुईने सरकवलेली बारीक तार आणि तिचं टोक या डबीत. डबी हलके हलके विजेचे झटके पाठवायची आणि डाव्या पायातली आग नुसत्या मुंग्यांवर भागायची. पाठीचं ऑपरेशन फसल्यापासून सात वर्षं ती आग कुठल्याच गोळीला जुमानत नव्हती. आठवडाभराची चाचणी होती. आज तार काढायची आणि उपयोग झाला असेल, तर पुढे कायमची मशीन कातडीखाली बसवायची. आठवडाभर जोतिबा रात्री निवांत उताणा झोपला होता. काल तर नदीपर्यंत चालत जाऊन आला आणि ओट्यावर बसून एकटाच हसत राहिला. "आमचं फौजेतलं हवालदार येडं झालं गं," असं बनुबाई शेजारणीला म्हणाली आणि आत जाऊन तिने डोळे पुसले.

तिच्या पिशवीत तळाशी एक टॉवेल होता. त्याच्या एका कडेला दातांनी भोकं पाडलेली. आठवडाभर तो बाहेर निघाला नव्हता.

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, भरती होताना दुखणं दहापैकी किती म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही तीन सांगितलंत?"

"व्हय."

"आणि आता रोज दोन लिहिलंय."

"थोडं उरलंय. हाय ते लिवलं."

"तिनाचे दोन!" डॉक्टरांनी चष्मा काढला. "निम्म्याने तरी कमी व्हायला हवं, नाहीतर मशीनला मंजुरी मिळत नाही. तुमचं चालणं बघून मी तार घातली, हा आकडा बघायचा राहिला. माझीही चूकच."

"तीन?" बनुबाई खुर्चीच्या कडेला आली. "डॉक्टरसाहेब, नऊ लिवा. सुनंला आवाज जाऊ नगं म्हनून ह्यो मानूस रातभर टावेल चावतोय."

"मावशी, ते त्यांनीच सांगायला हवं." डॉक्टरांनी कोरा कागद घेतला. "काका, फॉर्म भरताना गैरसमज झाला, असं मी लिहितो. आधी किती होतं तेवढं सांगा आणि खाली सही करा. दहा म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल अशी सगळ्यात मोठी वेदना."

"कल्पना कशाला?" जोतिबा म्हणाला. "बघितलीय की."

कोणाची, ते बनुबाईला ठाऊक होतं. जतकडचा सिद्धू, मेंढरांमागं हिंडून वाढलेला, जोतिबाच्याच तुकडीतला. सुरुंगावर पाय पडला आणि दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले. हेलिकॉप्टर येईपर्यंत पाऊण तास त्याचं डोकं जोतिबाच्या मांडीवर होतं. "लय दुखत न्हाई रं गड्या, तू पानी पी," असं सिद्धूच जोतिबाला म्हणत राहिला आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा म्हणायचा थांबला.

दोन्ही पाय शाबूत असलेल्या माणसाने नऊ सांगायचे, तर सिद्धूला किती द्यायचे? दहात तो मावत नव्हता.

"आवं," बनुबाईने त्याच्या दंडाला धरलं, "सिद्धूभावजी गेलं. त्यास्नी आता काय कळायचं हाय? तुमी जित्तं हाय."

जोतिबाने पेन हातात घेतलं. मशीन त्याला हवी होती. कालची नदी पुन्हा हवी होती. नऊ म्हणायला काय लागतं? आकडा अगदी जिभेवर आला होता. त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं.

"तीनच," तो म्हणाला. "खोटा रिपोट म्या आजवर दिला न्हाई."

बनुबाईने दंड सोडला. असा राग तिला लग्नापासून कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा हेही तिला कळेना.

तार काढायला मिनिटही लागलं नाही. स्वप्नाली सिस्टरने पट्टी चिकटवली, डबी ट्रेमध्ये ठेवली आणि अर्धा तास पालथं पडून राहायला सांगितलं. तेवढा वेळही लागला नाही. आग कमरेतून निघाली, मांडी ओलांडून अंगठ्यापर्यंत गेली; सुट्टी संपलेल्या जवानासारखी वेळेवर हजर झाली. जोतिबाच्या मुठीत चादर गोळा झाली. कपाळावरचा घाम उशीवर ओघळला.

सिस्टर फॉर्म घेऊन आली. "काका, तार काढल्यावरचा आकडा लिहायचाय. आता किती? दहापैकी?"

डॉक्टर दाराशी थांबले. हा आकडा मोठा आला, तर अजूनही मंजुरीसाठी काही करता आलं असतं. त्यांनी बनुबाईकडे बघितलं, बनुबाईने जोतिबाकडे.

"तीन," जोतिबा म्हणाला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

बनुबाईने पिशवीत तळापर्यंत हात घातला, टॉवेल काढला, मांडीवर घेऊन त्याच्या नीट चार घड्या घातल्या आणि भोकांची कड जोतिबाच्या तोंडाशी धरली.